आवाज हाताने आणायचे दिवस

आमच्या घरी बोलणाऱ्यांची कमी नव्हती, त्यामुळे माझ्या न बोलण्याने कोणाचं काही अडत नव्हतं. आई गाईशी बोलायची. बाबा ओसरीत बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे. आणि शांताआत्या, बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली, ती समोर कोणी नसलं तरी बोलत असायची. डाळ निवडताना डाळीला नावं ठेवायची, चूल पेटली नाही तर चुलीचा उद्धार करायची. सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना आमचं गाव लागतं. घरामागे संत्र्यांचा बगीचा आणि पुढे रस्त्यापर्यंत पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर. तोडणीच्या दिवसांत बगीच्यात लाकडी पेट्या ठोकायचं काम चालायचं, त्याची ठकठक दिवसभर घरात ऐकू यायची, आणि ती थांबली की आत्या म्हणायची, जेवायला बसले वाटते माणसं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. मग आई आजारी पडली, घरात भाकरी टाकायला कोणी नव्हतं म्हणून माझी शाळा थोड्या दिवसांसाठी सुटली, ती सुटलीच. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायचं आता टळलं, याचाच आनंद जास्त होता. वाईट पुष्कळ वर्षांनी वाटलं, आणि ते भाऊमुळे वाटलं.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ गजानन. सगळे त्याला गजू म्हणायचे, मी भाऊ. त्याने नागपूरला खोली घेऊन कम्प्युटरचा कोर्स केला आणि कोर्स संपल्यावर एक जुना कम्प्युटर घेऊन घरी आला. बसच्या टपावरून आणताना फुटू नये म्हणून त्याने तो संत्र्याच्या पेटीत, तणसात घालून आणला होता. आत्या दारातच उभी होती. पेटी पाहून म्हणाली, "काय रे गजू, आपले संत्रे नागपूरले कोणी घेतले नाहीत का? वापस काहून घेऊन आला?" भाऊने तणस बाजूला केलं, आतून तो पिवळट पडलेला टीव्हीसारखा डबा निघाला, आणि आत्याने दोन पावलं मागे जाऊन आधी पदर सारखा केला, जणू त्यातून कोणी पाहत होतं.

कम्प्युटर ओसरीला लागून असलेल्या खोलीत टेबलावर बसला. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. चित्रं दिसायची, अक्षरं दिसायची, पण आवाज यायचा नाही. दोन्ही बाजूंना दोन छोटे भोंगे भाऊने मोठ्या हौशीने मांडले होते, ते नुसते शोभेला. बाबांना संध्याकाळी भजनं ऐकायची होती. सौंसरच्या बाजारातून आणलेली सीडी आत जायची, फिरताना भुणभुण करायची आणि वर काहीच नाही. आत्या म्हणाली, "आपल्या बेबीचा जोडीदार आणला यानं. हाही मुका, तेही मुकी." घरात मला बेबी म्हणायचे. सगळे हसले, मीही हसले. मला त्या यंत्राबद्दल त्याच क्षणी आपलेपणा वाटला.

भाऊने त्यात लिनक्स घातलं होतं. ते फुकट मिळतं, त्याला कोणी कुलूप लावलेलं नाही, पाहिजे तेवढं उघडून पाहा, असं तो सांगायचा. पण आमच्या कम्प्युटरच्या आवाजाचं आणि त्याचं आपोआप जमत नव्हतं. तीन-चार दिवस भाऊ त्याच्या पुढ्यातून उठला नाही. मी चहा घेऊन जायची आणि कप ठेवून तिथेच दाराशी उभी राहायची. एकदा त्याने मागे न पाहताच विचारलं, "बेबी, गावात लग्न असलं का मोठी कढई कोठून येते?"

"समाजाच्या भांड्यातून."

"मंग आपल्याच घरी काहून नाही ठेवत?"

"ठेवाची कोठं? रोज कोठं लागते ते."

"बस. हेच आहे." तो खुर्चीतच वळला. "याचा गाभा लहान ठेवला आहे. त्याले कर्नल म्हणतात. रोज लागते तेवढंच त्याच्या पोटात. बाकीचे मॉड्यूल बाहेर पडून असतात, काम निघालं का बोलवाचे आन गाभ्याले जोडून द्याचे. आवाजाची भांडी बाहेरच आहेत. आपुन आणली का वाजन."

मला ते लगेच कळलं. इतकं लगेच, की मलाच भीती वाटली. मी विचारलं, "आन आणाची कशी?" भाऊने स्टूल ओढून स्वतःच्या बाजूला ठेवलं. त्या स्टुलावर मी बसले, तिथून माझ्या आयुष्यातले ते दिवस सुरू झाले. ते नक्की किती महिने होते, हे आज मला सांगता यायचं नाही. एक बहार आला आणि गेला, एवढं आठवतं.

मला इंग्रजी अक्षरं धड येत नव्हती. त्यात अडचण अशी, की बटनांवर अक्षरं एका तऱ्हेची आणि पडद्यावर उमटायची ती दुसऱ्याच तऱ्हेची. बटनावर पोट पुढे काढून बसलेला डी दाबला, की पडद्यावर पाठमोरा, काठी उभी धरलेला डी यायचा. मला वाटायचं मी चुकले. भाऊ हसून म्हणायचा, "मोठे आन लहान आहेत वं ते. एकाच घरचे." मग मी बटनांची जागाच पाठ केली. भाऊने मला मुद्दाम लांबचा रस्ता शिकवला. एक हुकूम असा होता, मॉडप्रोब नावाचा, की एकच मॉड्यूल मागितलं तरी त्याला लागणारी बाकीची सगळी तो आपणच घेऊन यायचा. पण भाऊ म्हणाला, आधी एकेक करून आण, मतलब कोण कोणावर उभं आहे ते कळन. आधी चूल, मग कढई, मग झारा. कढई आधी मागितली तर कम्प्युटर पडद्यावर तक्रार लिहायचा, की मी याला ओळखत नाही. क्रम बरोबर असला की काहीच म्हणायचा नाही, नुसता पुढच्या ओळीवर जाऊन थांबायचा. ते काहीच न म्हणणं म्हणजे शाबासकी, हे मला आवडलं. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यातलं एकही मी कधी मोठ्याने म्हटलं नाही, पण सगळी मला येत होती. तशाच एका चालीवर मी तो मॉड्यूलांचा क्रम मनात बसवला आणि तो कधी चुकला नाही.

सगळी भांडी आली, तरी शेवटचं एक काम उरायचं. लिनक्समध्ये आवाज यायचा तो मिटलेलाच यायचा. एक पट्ट्यांचं चित्र उघडावं लागायचं. प्रत्येक पट्टीच्या पायाशी दोन एम लिहिलेले असायचे, म्हणजे हिचं तोंड बंद. त्या पट्टीवर जाऊन एम दाबला की ते दोन एम जाऊन तिथे दोन शून्यं यायची, उघड्या तोंडासारखी. मग बाण दाबत पट्टी वर चढवायची. पहिल्यांदा मी हे सगळं एकटीने केलं तेव्हा दुपार होती. आई तुरीच्या शेंगा सोलत होती, आत्या पाटवडीचं बेसन घोटत होती, आणि भोंग्यांतून अचानक टाळ वाजले. आत्याच्या हातातला चाटू तसाच राहिला. बाबा ओसरीतून उठून आत आले, त्यांनी भाऊकडे पाहिलं. भाऊने माझ्याकडे बोट केलं. बाबा परत ओसरीत जाऊन बसले आणि टाळांच्या तालावर मांडीवर बोटं वाजवू लागले.

हे एकदा करून भागलं असतं तर मी पुन्हा चुलीकडे गेले असते. पण तेव्हा आमच्याकडे लाइट दिवसातून पाहिजे तेव्हा जायची आणि पाहिजे तेव्हा यायची. लाइट गेली की कम्प्युटर बंद, आणि बंद झाला की सगळी भांडी आपापल्या जागी परत. पुन्हा लाइट आली की बटन दाबायचं. मध्येच बंद पडल्यामुळे तो आधी बराच वेळ स्वतःला तपासत बसायचा. तेवढ्यात माझा चहा उकळून व्हायचा. मग मी हात पुसून स्टुलावर बसायची आणि एकेक करून आवाज आणायची. घरात तसंच म्हणू लागले. "बेबी, पाणी आण," म्हणतात तसं बाबा ओसरीतून म्हणायचे, "बेबी, आवाज आण वं." भाऊ कुठे गेलेला असला तरी अडत नसे. माझ्यावाचून त्या घरात काहीतरी अडतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. स्वयंपाक आई करू शकायची, आत्या करू शकायची. हे कोणीच करू शकायचं नाही.

माझी मुलगी आता मोबाइलला प्रश्न विचारते आणि तो तिला उत्तर देतो. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. आवाज कुठून आला, कोणी आणला, हे तिला विचारावंसं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. माझेच गुडघे आता असे झाले आहेत, की त्या उंच स्टुलावर मला बसता यायचं नाही. पण कधी घरात मी एकटी असले आणि सगळं शांत असलं, की माझी बोटं ओट्यावर तो क्रम वाजवतात. चुकत नाहीत.

भाऊच्या मनात पांढुर्ण्याला कम्प्युटरचा क्लास काढायचं होतं. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याने एक खोली पाहून ठेवली होती. एका संध्याकाळी आम्ही बगीच्यात पाणी वळवत होतो तेव्हा तो म्हणाला, "पोरींची बॅच वेगळी ठेवतो. शिकवाले बाई असली तं आईबाप बिनघोर पाठवतीन. तू बसशीन का?"

मला वाटलं तो माझी चेष्टा करतो आहे. "मी? चौथी शिकली मी."

"तुले सर्टिफिकेट कोण मागून राहिलं? येते न तुले? पहिले पहिले मी बसन संगं. फक्त बोला लागन. चार पोरींसमोर उभं राहून बोला लागन."

त्या रात्री आणि त्यापुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती खोली मी पाहिलेली नव्हती, तरी मला दिसायची. चार टेबलं, चार मुली, आणि मी. मुली माझ्यासारख्या, खालमानेच्या. मी गोठ्यात जाऊन वासराला शिकवायची. आधी चूल, मग कढई, मग झारा. वासरू माझ्याकडे टक लावून पाहायचं तर तेवढ्यानेही मला अडखळायला व्हायचं, मग मी पाठ फिरवून बोलायची. पाठमोरी असले की शब्द निघायचे. बाबांपुढे भाऊने विषय काढला तेव्हा मी दाराआड उभी होते. बाबा म्हणाले, "पांढुर्णा काय बाजूच्या घरात आहे? पोरगी रोज बसनं जाईन, रोज बसनं येईन? आन शिकवीन काय? तोंडातून शब्द निघत नाही तिच्या."

"निघते, बाबा."

"मले दिसला नाही कधी. दिसू दे, मंग पाहू."

म्हणजे बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. मी बोललेली त्यांना दिसायला हवी होती, एवढंच.

त्याच सुमारास मला पाहायला येणं सुरू झालं होतं. लोधीखेड्याचे एक येऊन गेले, बोरगावचे एक येऊन गेले. मी ट्रे घेऊन जायची, पाटावर बसायची, नाव विचारलं की ओठ हलायचे आणि आवाज बाहेर यायचा नाही. बोरगावच्यांनी मध्यस्थाकडून विचारलं, मुलगी चांगली आहे, पण मुकी तर नाही? आत्या इतकी भडकली, की त्या मध्यस्थाच्या पुढ्यातली पोह्यांची बशी तिने उचलून आत नेली. "मुकीच आहे म्हणा! सासूच्या बाता ऐकाले बहिरी पण करून देतो, पाहिजे का?" आई रडली. मला मात्र आतून हलकं वाटलं. माझं न बोलणं मला घरात ठेवत होतं, त्या स्टुलापाशी ठेवत होतं. ते किती उपयोगाचं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मग पांढुर्ण्याचे आले. मुलगा, त्याची मोठी बहीण आणि काका, कम्प्युटरच्या खोलीतच बसले. बी-बियाण्यांचं दुकान होतं त्यांचं. काका जाडजूड, गमत्या, बसल्या बसल्या सगळ्या घराची चौकशी करणारे. पोहे झाले, तर्री झाली, संत्री सोलून झाली. मला नाव विचारलं, ते आत्याने सांगितलं. स्वयंपाक येतो का, तेही आत्याने सांगितलं. काका हसून म्हणाले, "आत्याबाई, तुमचं पाहणं होऊन गेलं. आता पोरीले बोलू द्या." मी ट्रे उचलून आत गेले. आईने माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. माझ्या मनात होतं, झालं, हेही परत गेले.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरू लागला आणि टेबलावरचा लाल दिवा लागला. काकांनी रुमालाखाली पाहिलं. "अरे वा, कम्प्युटर! चालते का शोभेचा आहे?"

"चालते न," भाऊ म्हणाला. आणि मग तो मोठ्याने म्हणाला, बाबांना ऐकू जाईल असं, "बेबी! आवाज आण वं."

भाऊने ते का केलं हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला पाहुण्यांना काही दाखवायचं नव्हतं. बाबांना दाखवायचं होतं. बाबा समोर बसले होते, बाहेरची माणसं बसली होती, आणि मी शिकवू शकते की नाही हे याहून चांगलं कधी दिसणार होतं? मी पदराला हात पुसत आले. सगळ्यांकडे पाठ करून स्टुलावर बसले. मागे कोणी खोकललं. कम्प्युटर स्वतःला तपासत होता तेवढा वेळ मला युगासारखा गेला. मग मी एकेक मॉड्यूल आणलं. क्रम बरोबर होता, कुठेही तक्रार आली नाही. सगळी आल्याची खात्री करून मी वाजवायला लावलं.

काहीच नाही. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते आणि भोंगे गप्प होते.

काका म्हणाले, "हेही लाजून राहिलं का?"

बहीण हसली. मग मुलाचा आवाज ऐकू आला, त्या दिवशीचा पहिलाच. हळूच म्हणाला, "वायर निघाली असन मागची."

"वायर नाही निघाली," मी म्हणाले.

तो माझा आवाज होता. पाठ होती ना सगळ्यांकडे. आणि निघाला तो निघालाच. "आवाज आला आहे. पण येते तो बंदच येते. एकदम मोठ्यानं वाजून कोणाले दचकवू नये, म्हणून बंद ठेवतात. इथं खाली दोन एम दिसतात, ते गेले पाहिजेत. मीच खोलाचं विसरली." काकांनी विचारलं, आला म्हणजे कुठून आला? मी सांगितलं. गावातल्या लग्नाची कढई सांगितली. घरात रोज का ठेवत नाहीत ते सांगितलं. आधी कोण, मग कोण, उलटं केलं तर तो काय म्हणतो, लाइट गेली की पुन्हा का करावं लागतं, सगळं. वासराला इतक्या वेळा सांगितलं होतं, की थांबायचं कुठे हे मला ठाऊक नव्हतं. मग मी एम दाबला, पट्टी चढवली, आणि भोंग्यांतून शांताआत्याचा आवाज खोलीभर झाला, "ते दांडकं काहून माह्या तोंडासमोर धरून राहिला रे मेल्या? दूर हो, डाळ लागून राहिली खाली!"

भाऊने महिनाभरापूर्वी माइक आणून घरातले आवाज भरले होते, त्यातलंच ते लागलं होतं. काका मांडीवर थापा मारून हसले. आत्या आतून धावत आली, "बंद कर वं, बंद कर, पाव्हणे काय म्हणतीन!" आणि ते ऐकून सगळे आणखीच हसले. मी वळले. पहिल्यांदा मी त्या खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे पाहिले. बाबा माझ्याकडे असे पाहत होते, जसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भाऊने डोळे मिचकावले. मला वाटलं, झालं. पांढुर्णा. पोरींची बॅच. चार टेबलं. तो आनंद थोडाच वेळ होता, पण तसा मला पुन्हा कशाचा झाला नाही. मुलं झाली तेव्हाचा वेगळा.

काका डोळे पुसत बाबांना म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही घरी जाऊन कळवतो म्हणणार होतो. आता काय कळवाचं? मुलगी आम्हाले पसंत आहे."

बहीण म्हणाली, "बोलते किती छान. उगाच लोक काहीबाही सांगत होते."

मी बोलले नसते तर ते परत गेले असते. एवढं सरळ होतं ते. पाहुणे गेल्यावर भाऊ स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. तो माठापाशी जाऊन पाणी प्यायला, मग म्हणाला, "पांढुर्ण्यालेच तं येऊन राहिली तू. क्लास दोन गल्ल्यांवर राहीन. बसनं जायची पण कटकट नाही. उलट सही झालं." आईने तेच म्हटलं. बाबा म्हणाले, "तिकडचे लोक मोकळे दिसतात, येऊ देतीन." सगळ्यांना ते खरंच वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात लिहिते. मला जाऊ नको असं कोणी कधीच म्हटलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलगा झाला, मग मुलगी. पहिल्या वर्षी भाऊ दर आठवड्याला विचारायचा, मग सणाला विचारायचा, मग त्याने सौंसरच्या एका बाईंना ठेवलं. बाई चांगल्या होत्या. भाजीला जाताना क्लासवरून रस्ता होता, खिडकीतून बटनांचा आवाज यायचा, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावे तसा. मी चालत चालत ऐकायची, थांबायची नाही. माझे यजमान भले आहेत. वायर निघाली असेल असं म्हणालेला माणूस, अजूनही तसाच हळू बोलतो. दुकानात त्यांनी कम्प्युटर घेतला, तेव्हा मला मुद्दाम दाखवायला नेलं. त्याच्यात आवाज आधीपासूनच होता. क्लास काही वर्षं चालला, मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि भाऊने खोली सोडली.

पण मला सांगायचं आहे ते लग्नाच्या आधीच्या आठवड्यातलं. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. भाऊ मला म्हणाला, "बेबी, बस जरा." मी माझ्या स्टुलावर बसले. तो म्हणाला, "तू गेल्यावर बाबाले भजनं कोण लावून देईन? मी पांढुर्ण्याले राहीन. आत्याले हे जमणार नाही." मग त्याने ती फाइल उघडली, जी कम्प्युटर चालू होताना आपला आपण वाचतो. तिच्यात त्याने मी बोलवायची ती मॉड्यूलं लिहिली, खाली पट्ट्या उघडायचा हुकूम लिहिला. मी विचारलं, "हे पहिलेच काहून नाही केलं?" तो पडद्याकडेच पाहत होता. "केलं असतं तं तू शिकली असती का?" त्याने मला आणखी एक दाखवलं. ओळीच्या आधी दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची जाळीसारखी खूण टाकली, की कम्प्युटर ती ओळ वाचत नाही, ओलांडून जातो. ओळ असते, पण नसल्यासारखी. हे आता मला कशाला सांगतोस, असं मी म्हटलं नाही.

दिवाळीला मी पहिल्यांदा माहेरी आले. भाऊबीजेला भाऊही आला होता. सकाळी लाइट आली तशी आत्या तुरुतुरु गेली आणि तिने बटन दाबलं. "आता मीच लावतो. काही नाही लागत, बटन दाबलं का झालं." मी करंज्यांचं सारण हलवत होते. थोड्या वेळाने खोलीतून एक छोटीशी धून ऐकू आली, चार-पाच सुरांची, घंटा वाजाव्या तशी. मी ती कधी ऐकली नव्हती. भाऊला विचारलं, हे काय? तो म्हणाला, चालू झाला का वाजवते तो. पहिल्यापासूनच वाजवत असन. आपला आवाज उशिरा यायचा न, तवर ते वाजून जायचं. म्हणजे मी तिथे बसत होते तितके महिने ती धून रोज वाजत होती, आणि कोणाला ऐकू येत नव्हती.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी खोलीत गेले. ती फाइल उघडली आणि आवाजाच्या ओळींपुढे जाळीची खूण टाकली. लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली. आत्याने बटन दाबलं, धून वाजली नाही, भजन लागलं नाही. आत्या कम्प्युटरला शिव्या देऊ लागली. बाबा म्हणाले, बिघडलं वाटते. भाऊ टेबलाशी गेला, त्याने काहीतरी उघडून पाहिलं. मी दारातून पाहत होते. त्याला ती खूण दिसली असणार. तो उठला, ओसरीत जाऊन बसला, आणि तिथून त्याने हाक मारली, "बेबी, आवाज येऊन नाही राहिला वं. पाह्य बरं."

मी हात पुसले आणि जाऊन बसले. त्या माहेरपणात लाइट पुष्कळदा गेली.

निघायच्या दिवशी यजमान न्यायला आले होते, ओसरीत बाबांशी बोलत होते. आईने ओटी भरली. आत्या डबे बांधत होती. मी खोलीत जाऊन त्या ओळींपुढच्या खुणा एकेक करून काढल्या. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत सगळं वाचून पाहिलं. मी गेल्यावर बाबांची भजनं अडायला नकोत.